बॅटरी एक वर्ष वापरली आणि एक वर्षाने वाढली!

पत्र :

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. २०१७ च्या जूनमध्ये चक्कर येऊन पडले, पूर्ण हार्ट ब्लॉक निघाला (हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नव्हता) आणि दोन तारांचा पेसमेकर बसवला. तेव्हा सांगितलं होतं, 'दहा वर्षं बघायला नको.' नंतर एकदा तपासणी झाली, मग कोरोना आला आणि पुढे आमचीच चालढकल झाली. गेल्या वर्षी, २०२४ च्या जूनमध्ये, तपासलं तेव्हा बॅटरी ३ वर्षं ७ महिने शिल्लक असं आलं. यंदाच्या जूनमध्ये तीच तपासणी केली, तर ४ वर्षं ७ महिने! एक वर्ष वापरून बॅटरी वाढते कशी? मशीन खोटं बोलतंय का? शेजारच्या काकांचा पेसमेकर सहा वर्षांतच बदलावा लागला होता. बाबा म्हणतात, 'मध्येच बंद पडण्यापेक्षा आत्ताच बदलून टाकू.' पुढच्या आषाढीला त्यांना पायी वारी करायची आहे, त्याचीही धास्ती वाटते. मोबाइल तर ते खोलीतसुद्धा ठेवू देत नाहीत. दोन्ही वर्षांच्या तपासणीच्या छापील पट्ट्यांचे फोटो सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, कराड

ताई, नमस्कार.

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसतं पत्र आलं असतं तर मीही 'डॉक्टरांना विचारा' असं गोलगोल उत्तर देऊन मोकळा झालो असतो. मी डॉक्टर नाही. पेसमेकर तपासणीच्या खोलीत प्रोग्रामर, म्हणजे पेसमेकर वाचायचं आणि त्याचं सेटिंग बदलायचं मशीन, मांडून बसणारा तंत्रज्ञ होतो, त्यामुळे पट्ट्या वाचण्यातच आयुष्य गेलं. औषधपाण्याचा आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पट्टी काय म्हणते ते मी सांगतो.

दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवा. बॅटरीचा व्होल्टेज गेल्या वर्षी २.७९, यंदा २.७८. म्हणजे जवळजवळ तसाच. खालच्या कप्प्यातलं पेसिंग, म्हणजे शंभरातले जितके ठोके यंत्राने दिले ते, तेव्हा ९९ टक्के, आत्ताही ९९. तारेचा रोध तेव्हा ४९०, आत्ता ४८० ओहम. यातही काही घडलेलं नाही. आता आउटपुटची, म्हणजे दर ठोक्याला यंत्र किती व्होल्टचा धक्का देतं त्याची, ओळ बघा. गेल्या वर्षी ३.५ व्होल्ट, यंदा २.०. आणि गेल्या वर्षीच्या पट्टीच्या अगदी खाली, फोटोत अर्धवट कापलं गेलंय, तिथे कुणीतरी निळ्या पेनाने '३.५ → २' असं खरडलंय. तुम्ही ती सही समजला असाल.

तुमच्या कोड्याचं उत्तर त्या खरडीत आहे. आधी पट्टी छापली, मग आउटपुट कमी केला, आणि कमी केल्यानंतर पुन्हा पट्टी छापली नाही. म्हणजे ३ वर्षं ७ महिने हा आकडा छापला गेला त्याच दिवशी दहा मिनिटांत शिळा झाला होता, आणि तोच तुम्ही वर्षभर उशाशी घेऊन झोपलात.

आता बाबांना बोलवा, कारण पुढची गोष्ट त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल. टाकीत तेवढंच डिझेल असताना गाडी किती किलोमीटर जाईल, असं विचारलं तर ते काय म्हणतील? 'कुठल्या रस्त्याने?' कुंभार्ली घाट चढायचा असेल तर एक उत्तर, सांगलीच्या सपाट रस्त्याला दुसरं. पेसमेकर जे 'शिल्लक वर्षं' दाखवतो, तो बॅटरीत उरलेला माल भागिले आजचा खर्च एवढाच हिशेब असतो. आजच्या सेटिंगवर, आजच्या पेसिंगच्या टक्क्यांवर गाडी अशीच चालत राहिली तर, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. हे 'तर' पट्टीवर छापत नाहीत, हीच पंचाईत.

बाबांच्या वहीसाठी आकडे देतो. त्यांच्या मॉडेलची बॅटरी सुमारे १.३ अँपिअर-तासांची आहे. ३.५ व्होल्टच्या सेटिंगवर यंत्र अंदाजे १४ मायक्रोअँपिअर खात होतं. हा आकडा पट्टीवर नसतो, तो मी आउटपुट, रोध आणि पेसिंगवरून काढलाय, तेव्हा थोडं इकडेतिकडे धरा. १३ लाख मायक्रोअँपिअर-तास भागिले १४, म्हणजे जवळपास ९३ हजार तास. वर्षाचे तास ८,७६६. उत्तर येतं साडेदहा वर्षं. बसवताना डॉक्टर 'दहा' म्हणाले ते उगाच नव्हतं. सात वर्षांत १४ च्या दराने साधारण ८ लाख ५९ हजार खर्ची पडले, उरले ४ लाख ४१ हजार. त्याला १४ ने भागा, ३ वर्षं ७ महिने येतात. तेच गेल्या जूनची पट्टी सांगते. मग आउटपुट उतरला आणि खर्च आला ९ वर. वर्षभरात ७९ हजार गेले, ३ लाख ६२ हजार उरले. आता ९ ने भागा. ४ वर्षं ७ महिने. मशीन खोटं बोललं नाही. डिझेल कमीच झालं, रस्ता सपाट झाला.

आउटपुट दीड व्होल्टने उतरवल्यावर एवढा फरक कसा पडतो, असं वाटेल. धक्क्याची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. ३.५ भागिले २ याचा वर्ग केला की तीन येतात, म्हणजे बाबांच्या हृदयाला दर ठोक्याला गरजेपेक्षा तिप्पट ऊर्जा मिळत होती. मिनिटाला ७० ठोके धरले तर वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त ठोके होतात. त्यातून २.८ व्होल्टच्या सेलमधून ३.५ व्होल्ट काढायचे तर यंत्राला आत दाब वाढवावा लागतो, त्याचा भुर्दंड वेगळाच. दोन व्होल्टला तो लागत नाही.

मग २ व्होल्ट पुरतात हे कशावरून? त्यासाठी थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका पडायला कमीत कमी किती व्होल्टचा धक्का लागतो ते, बघायचं. तपासणीत बाबांना एकदा 'आता जरा गरगरल्यासारखं होईल हं, आजोबा' असं सांगितलं असेल. त्या वेळी तंत्रज्ञ एकेक पायरीने धक्का कमी करत जातो, डोळे ईसीजीवर. १.५ ला ठोका पडला, १ ला पडला, ०.७५ ला पडला, ०.५ ला चुकला. चुकला रे चुकला की बोट उचलायचं. बाबांचा थ्रेशोल्ड ०.७५. त्याच्या दुप्पट म्हणजे दीड व्होल्ट ही नेहमीची सुरक्षित मर्यादा. बाबांचा स्वतःचा ठोका भरवशाचा नाही म्हणून डॉक्टरांनी आणखी अर्धा व्होल्ट हातचा राखलाय. ज्याने कुणी हे केलं त्याने नीट विचार करून केलंय.

इथे मला थोडं चिडूही द्या. तार नवीन असते तेव्हा तिच्या टोकाशी सूज येते, थ्रेशोल्ड काही आठवडे वर जातो. म्हणून सुरुवातीला आउटपुट ३.५ वगैरे मुद्दाम चढा ठेवतात आणि साधारण तीन महिन्यांनी, तार रुजली की, खाली आणतात. ही तीन महिन्यांची तपासणी म्हणजे पेसमेकरच्या आयुष्यातली सगळ्यात कमाईची दहा मिनिटं. आणि नेमकी तीच चुकते. टाके सुकले, चक्कर थांबली, माणूस शेतात जायला लागला, आता कशाला दीडशे किलोमीटर जायचं? काही यंत्रं स्वतःच थ्रेशोल्ड मोजून आउटपुट जुळवून घेतात, पण ती सोयही कुणीतरी चालू करून द्यावी लागते. बाबांचं यंत्र २०१७ च्या सप्टेंबरातच २ व्होल्टवर आणलं असतं तर कागदावर सोळा वर्षं आली असती. बॅटरी वापर नसतानाही आतल्या आत थोडी झिजते, त्यामुळे पुरती सोळा मिळाली नसती, पण दहाच्या बरीच पुढे गेली असती. गेलं ते गेलं. हे तुमच्यासाठी नाही, तीन महिन्यांपूर्वी पेसमेकर बसवून घेतलेला कुणी वाचत असेल त्याच्यासाठी लिहिलं.

आता व्होल्टेजबद्दल, कारण २.७९ चा २.७८ झाला म्हणजे 'काहीच खर्च नाही' असा अर्थ कुणी काढायचं. घरातला गॅस सिलिंडर आठवा. लावल्या दिवशी ज्योत जेवढी मोठी तेवढीच महिन्याभराने. आत द्रवरूप गॅस आहे तोवर दाब तोच राहतो. ज्योत बघून सिलिंडर किती उरला ते कळत नाही, म्हणून तर आपण कालनिर्णयवर तारीख लिहून ठेवतो. पेसमेकरमधला लिथियम-आयोडीन सेल असाच आहे. २.८ व्होल्टच्या आसपास वर्षानुवर्षं बसून राहतो आणि शेवटी शेवटी घसरतो. म्हणून यंत्र दुसरी खूण बघतं. सेल जसजसा वापरला जातो तसतसा आत लिथियम आयोडाइडचा थर जाड होत जातो आणि सेलचा स्वतःचा रोध वाढतो. सुरुवातीला तो एक किलोओहमच्याही आत असतो, अखेरीला कित्येक किलोओहम होतो. बाबांच्या पट्टीवर 'बॅटरी इम्पिडन्स' अशी वेगळी ओळ आहे, ती तारेच्या रोधाशी गल्लत करू नका. काही कंपन्यांची यंत्रं याशिवाय आजवर किती विद्युतभार बाहेर गेला तेही मोजून ठेवतात.

रोधावरून उरलेली वर्षं ताडणं हे पहिल्या काही वर्षांत फार ढोबळ असतं, कारण तेव्हा तो हलतच नाही. जसजशी अखेर जवळ येते तसतसा अंदाज नेमका होतो. म्हणूनच पट्टीवर एक आकडा नसतो, पल्ला असतो. यंदाच्या पट्टीवर ४ वर्षं ७ महिन्यांच्या शेजारी बारीक अक्षरात 'कमीत कमी ४ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं २ महिने' असं आहे. पैशांची, रजेची, लग्नकार्याची आखणी करताना तो 'कमीत कमी' धरा. मधला आकडा पाहुण्यांना सांगायला ठीक.

शेजारच्या काकांचं उदाहरण मात्र डोक्यातून काढून टाका. त्यांना तारा किती होत्या, हे आधी विचारा. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांना जो तीन तारांचा पेसमेकर बसवतात तो दोन्ही बाजूंना जवळजवळ प्रत्येक ठोका देतो, आणि डाव्या बाजूच्या तारेला बहुधा जास्त आउटपुट लागतो. तो पाच-सात वर्षांत संपणं नवलाचं नाही. उलट ज्याचा ठोका रात्रीच कधीतरी मंदावतो, पेसिंग पाच टक्के, त्याचं तेच मॉडेल बाबांच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. कंपन्या दर वर्षी मॉडेलवार अहवाल काढतात, इतक्या वर्षांनी शंभरातले इतके चालू होते म्हणून. ते खोटे नसतात, पण ते डेपोच्या सगळ्या गाड्यांचं अॅव्हरेज असतं. तुमच्या गाडीचं नाही.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. वर्षं वाढली म्हणजे नेहमी पेढे वाटायचे नसतात. समजा तार आतून तुटली. मग तिचा रोध हजारोंत जातो, वीज वाहतच नाही, खर्च घटतो, आणि यंत्र भोळेपणाने सांगतं : बॅटरी वाढली! हृदयापर्यंत धक्का पोचतच नाही तो भाग वेगळा. उलट तारेवरचं आवरण फाटलं तर रोध दोनशेच्याही खाली येतो, वीज गळते आणि शिल्लक वर्षं धाडकन कोसळतात. म्हणून वर्षांचा आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला, वर असो की खाली, की लगेच शेजारच्या तीन गोष्टी बघायच्या : तारेचा रोध, थ्रेशोल्ड आणि पेसिंगचे टक्के. बाबांच्या बाबतीत रोध जागच्या जागी, थ्रेशोल्ड छान, टक्के तेच. बदललाय फक्त आउटपुट, तोही माणसाने बदललाय. म्हणून मी म्हणतो, निर्धास्त राहा.

आत्ताच बदलून टाकू, या बाबांच्या म्हणण्याला माझं स्पष्ट 'नको' आहे. बोलताना आपण 'बॅटरी बदलली' म्हणतो, पण सेल वेगळा निघत नाही. टायटॅनियमची ती सीलबंद डबी अख्खी बदलतात, तारा ठीक असतील तर त्याच नव्या डबीला जोडतात. ऑपरेशन छोटं, बहुतेकदा जागा बधिर करून होतं. पण जुनी जखम पुन्हा उघडायची म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त. आणि संसर्ग झाला तर तारांसकट सगळं काढायची वेळ येते. चार वर्षांचा चालू माल फेकून तो धोका कशाला ओढवून घ्यायचा? अर्थात पुढे एखादी तारच बदलावी लागली, तर डॉक्टर त्याच बैठकीत डबीचाही विचार करतील. ते वेगळं.

मध्येच बंद पडेल ही भीती मला रोज ऐकू यायची. एके काळी ती खरीही होती. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांना जगातला पहिला शरीराच्या आतला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. लार्सन यांना आयुष्यभरात पंचवीसएक पेसमेकर लागले आणि ते ८६ व्या वर्षापर्यंत, २००१ पर्यंत, जगले. पुढे पाऱ्याचे सेल आले, ते दोनेक वर्षांत संपत आणि कधी संपतील याचा नेम नसे. १९७२ मध्ये लिथियम-आयोडीनचा सेल आला आणि चित्र पालटलं, कारण हा सेल जाताना सांगून जातो.

ते सांगणं असं असतं. ठरावीक पातळी गाठली की यंत्र 'ईआरआय'ची खूण लावतं, म्हणजे 'आता बदलायची तारीख ठरवा'. त्यानंतरही साधारण तीन महिने, काही यंत्रांत सहा महिने, ते नीट काम करेल एवढा साठा मुद्दाम राखलेला असतो. तपासणीच्या खोलीत यंत्रावर चुंबक धरला की ते ठरावीक वेगाने ठोके देतं, आणि त्या वेगावरून बॅटरी नवी की उतारावर हे कळतं. एका कंपनीत ८५ म्हणजे ठणठणीत आणि ६५ म्हणजे बदला; दुसऱ्या कंपनीत १०० म्हणजे ठणठणीत आणि ८५ म्हणजे बदला. म्हणून इंटरनेटवर वाचून घरी फ्रिजचा चुंबक छातीवर धरून बघू नका.

एक बारकावा बाबांना जरूर सांगा. ईआरआय लागल्यावर वीज वाचवायला काही यंत्रं वरच्या कप्प्याचं काम सोडून देतात आणि फक्त खालच्या कप्प्याला मिनिटाला ६५ चे ठोके देत राहतात. माणसाला एकदम थकवा, धाप, जिना चढवेनासा होतो. घरचे समजतात हृदय बिघडलं. बाबांना असं वाटलं, किंवा मिनिटभर नाडी मोजून ती लावलेल्या किमान वेगापेक्षा, म्हणजे बाबांच्या पट्टीवरच्या ६० पेक्षा, सतत कमी भरली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता तपासायला न्या. चक्कर येऊन पडले तर फोनाफोनी करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

सध्या सहा महिन्यांनी एकदा तपासणी पुरे. 'कमीत कमी'चा आकडा वर्षाच्या आत आला की दर तीन महिन्यांनी, आणि त्याहून खाली गेला की डॉक्टर म्हणतील तसं. एका कंपनीचा प्रोग्रामर दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाचत नाही, म्हणून जाण्याआधी फोन करून तुमच्या कंपनीचा माणूस त्या दिवशी येणार आहे ना, हे विचारा, नाहीतर कराडहून गेलात तसे परत याल. ओळखकार्ड बाबांच्या पाकिटात हवं, कपाटात नको. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं बघायचं असेल तर ते रुग्णालय योजनेत आहे का आणि नुसती डबी बदलणं यादीत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून आधीच वदवून घ्या. आणि सेटिंगला कुणी हात लावला तर लाजू नका. 'बदल केल्यानंतरची पट्टी पण द्या' असं म्हणा. एक फूट कागद लागतो.

मोबाइलने बॅटरी संपत नाही. काही नव्या फोनांत आणि कव्हरांत चुंबक असतो, त्याने यंत्र तेवढ्यापुरतं चुंबकाच्या वेगावर जाऊ शकतं, म्हणून फोन छातीच्या खिशात नको, यंत्रापासून वीतभर लांब. बोलताना उजव्या कानाला लावा, कारण बाबांचं यंत्र डाव्या बाजूला आहे. खोलीबाहेर घालवायची काही गरज नाही. रात्री काही झालं तर तुम्हाला फोन कशावरून करणार?

राहिली वारी. आळंदी ते पंढरपूर वीसएक दिवसांची चाल. रोज आठ तास ठोके मिनिटाला तीसने वाढले आणि ते सगळे यंत्रानेच दोन्ही कप्प्यांत दिले असं अगदी वाईटात वाईट धरून हिशेब केला. जादा खर्च येतो अडीचशे मायक्रोअँपिअर-तासांच्या आसपास. म्हणजे बॅटरीचा सव्वा दिवस. बॅटरीची परवानगी आहे. गुडघ्यांची आणि रक्तदाबाची डॉक्टरांकडून घ्या, आणि निघण्यापूर्वी, मेमध्येच, एक तपासणी उरका.

त्या शेजारच्या काकांच्या तारा किती होत्या ते मात्र मला नक्की कळवा. मी तीन म्हणतोय.